एमपीएमएस3 मॅग्नेटोमीटर: पावडरला उत्तम, एकट्या पापुद्र्याला नाही

माझं काम द्विमितीय मॉफ चुंबकांवर, म्हणजे धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांच्या थरांवर थर रचलेल्या पदार्थांवर. क्वांटम डिझाइन कंपनीचं हे स्क्विड मॅग्नेटोमीटर, म्हणजे अतिवाहक संवेदकाने नमुन्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र, मी रोज वापरते. अभिप्राय या कामापुरताच.

तापमान 1.8 ते 400 केल्विन, चुंबकीय क्षेत्र 7 टेस्लापर्यंत, संवेदनशीलता 10⁻⁸ ईएमयूच्या (चुंबकीय आघूर्णाचं, म्हणजे नमुन्याच्या एकूण चुंबकीय ताकदीचं एकक) आसपास. पावडर किंवा स्फटिक असेल तर याहून जास्त काय मागायचं? थंड होत जाणाऱ्या नमुन्याचं आघूर्ण एकाएकी वर उसळतं, ते बघायला मला अजूनही तितकंच आवडतं.

नमुना बसवताना मात्र घाई नको. पावडरचे कण क्षेत्रात फिरून स्वतःला जुळवून घेतात आणि आकडे फुगतात, म्हणून मी त्यावर वितळलेलं आयकोसेन (मेणासारखा पदार्थ) ओतून ते गोठू देते. चिमटा प्लॅस्टिकचाच, स्टीलचा नकोच. आणि हवा! कॅप्सूलमध्ये ती अडकली तर त्यातल्या ऑक्सिजनमुळे 50 केल्विनच्या आसपास वक्रावर उंचवटा येतो. 2018 साली गाजलेलं क्रोमियम क्लोराइड-पायराझिन (असाच एक थरांचा पदार्थ; पायराझिन हा जोडणारा सेंद्रिय रेणू) चुंबकीय होतं ते सुमारे 55 केल्विनला, म्हणजे जवळपास त्याच जागी. शंका आली की हेलियमने नीट पर्ज करून, म्हणजे हवा हुसकून, पुन्हा मोजा.

आता एकच थर मोजायचा म्हटलं तर? दहा मायक्रॉन लांब-रुंद पापुद्र्यात धातूचे आयन साधारण वीस कोटी. सगळे एका दिशेला वळले तरी आघूर्ण 10⁻¹² ईएमयूच्या घरात, यंत्राच्या मर्यादेपेक्षा हजारो पटींनी कमी. तिथे वाट वेगळी. वॅलेन्सियाच्या कोरोनाडो गटाने लोहाच्या मॉफचे पातळ पापुद्रे ढोलाच्या पानासारखे ताणून कंपित केले आणि तापमानानुसार बदलणाऱ्या वारंवारतेवरून चुंबकीय संक्रमण, म्हणजे पदार्थ चुंबकीय होण्याचा क्षण, पकडलं. मला ही युक्ती फार आवडते. पण त्याआधी जाड स्फटिकाचं संक्रमण-तापमान हाताशी हवं, आणि ते हेच यंत्र देतं.

तापमानाची वरची मर्यादाही लक्षात घ्या. 2020 साली क्रोमियम-पायराझिनच्या जाळीत लिथियमच्या साहाय्याने जादा इलेक्ट्रॉन घातले, तेव्हा चुंबकत्व सुमारे 515 केल्विनपर्यंत टिकलं. ते संक्रमण 400 केल्विनला थांबणाऱ्या यंत्रात दिसणारच नाही. अशा पदार्थांवर काम करणार असाल तर ओव्हनचा पर्याय खरेदीच्या वेळीच मागा.