नाइटगार्ड: चौदा महिने, दोन गार्ड आणि प्लॅस्टरचा साचा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी तोंडातून नाइटगार्ड, म्हणजे झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्री दातांवर चढवायचं कवच, काढला तर जिभेवर रबरासारखा एक तुकडा आला. ट्यूबलाइटपुढे गार्ड धरून पाहिला, तर उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेपाशी आरपार भोक. 2 मिलिमीटर जाडीचा मऊ गार्ड सात महिन्यांत मी चावून फोडला होता. तेव्हाच लिहायला घेतलं होतं, पण तेव्हा डोक्यात गार्ड करून देणाऱ्या क्लिनिकचा नुसता राग होता. आता दुसऱ्या, कडक गार्डला सहा महिने झालेत आणि गेल्या आठवड्यात त्या रागातला थोडा भाग मला मागे घ्यावा लागला, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

मी झोपेत दात खाते हे मला नवऱ्याने सांगितलं. त्याआधी दोन महिने मी कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जात होते. कान स्वच्छ निघाला. दुखत होता तो कानाच्या अगदी पुढचा जबड्याचा सांधा. सकाळी उठल्यावर कानशिलं जड असायची, जांभई देताना कट्ट असा आवाज यायचा आणि ज्वारीची भाकरी चावताना मध्येच थांबावं लागायचं. सासूबाई म्हणाल्या, जंताचं औषध घे. आपल्याकडे घरोघरी हेच ऐकत आलोय. दातांच्या डॉक्टरांनी ते सरळ खोडून काढलं. मोठ्या माणसांत ताण, अपुरी झोप, रात्रीचा चहा-कॉफी, दारू, नैराश्यावरच्या काही गोळ्या, झोपेत श्वास अडकणं ही कारणं बघायची असतात. घरात कुणी घोरत असेल आणि दातही खात असेल, तर गार्ड करण्याआधी हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिला गार्ड घराजवळच्या, मुलुंडच्या क्लिनिकमध्ये केला. 3,000 रुपये. गुलाबी लगदा भरलेला ट्रे तोंडात धरून माप घेतलं आणि चार दिवसांनी गार्ड हातात दिला. तोंडात बसतोय ना, एवढंच विचारलं. पहिले तीन-चार महिने खरंच बरं वाटलं. भाकरी परत खाता येऊ लागली. मग हळूहळू सकाळचं दुखणं परत आलं आणि मी ते मार्चएंडच्या कामावर ढकललं. नंतर वाचताना कळलं की मऊ गार्डवर काही जण उलट जास्त चावतात. 1987 सालचा, ओकसन या दंततज्ज्ञांचा एक छोटा अभ्यास आहे, फक्त दहा जणांचा. त्यात कडक गार्डने आठ जणांच्या जबड्याच्या स्नायूंची रात्रीची हालचाल कमी झाली, मऊ गार्डने पाच जणांची वाढली. दहा माणसांवरून सगळ्या जगाचं ठरत नाही, पण माझ्या गार्डचं भोक बघून मला तो पटला.

आता साच्याबद्दल. गार्ड फुटल्यावर त्याच क्लिनिकमध्ये गेले. म्हटलं, माप तर तुमच्याकडे आहे, सात महिन्यांत माझा एकही दात बदललेला नाही, त्याच साच्यावरून दुसरा गार्ड करा आणि फक्त लॅबचा खर्च घ्या. माप घेतल्यावर त्यात प्लॅस्टर ओतून जबड्याचा साचा करतात आणि गार्ड त्याच्यावर तयार होतो. साचा शाबूत असेल तर परत तोंडात ट्रे घालायची गरज नसते. उत्तर मिळालं, साचे लॅब टाकून देते, नवीन माप, पूर्ण पैसे. मी विचारलं, पैसे माझे, दात माझे, मग टाकण्याआधी मला विचारलं का नाही? रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, असं कुणी मागत नाही मॅडम. दोन वेळा गेले, तीन फोन केले, डॉक्टर बोलायलाच आले नाहीत. 3,000 रुपयांपेक्षा मला ते न विचारता टाकून देणं लागलं. मूठभर प्लॅस्टर, पण त्यातून माझे पुढचे पैसे वाचणार होते.

त्या तिरमिरीत ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड 650 रुपयांना मागवला. नऊ रात्री वापरला. जाड इतका की ओठ मिटत नव्हते, उशी लाळेने भिजायची आणि जबडा आधीपेक्षा जास्त दुखायला लागला. ते पैसे गेले. कुणाला एखाद-दुसऱ्या रात्रीपुरता लागत असेल तर असेल, सांधा दुखत असताना मी तरी हा सुचवणार नाही.

मग ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून दादरच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. अॅक्रिलिक नावाच्या कडक प्लॅस्टिकचा, वरच्या दातांवर बसणारा गार्ड, 8,000 रुपये. आकडा ऐकून मी उठतच होते. ज्यांच्या हाताशी वेळ आहे त्यांनी मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय इथे आधी चौकशी करावी, खासगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. मला ऑफिस बुडवून तितके हेलपाटे जमणारे नव्हते.

पण 8,000 कशाचे ते गार्ड मिळायच्या दिवशी कळलं. गार्ड बसवल्यावर बाईंनी दातांमध्ये निळा कागद धरला. चावा, आता जबडा डावीकडे घासा, उजवीकडे घासा. गार्डवर निळे ठिपके उमटले, उजव्या मागच्या कोपऱ्यात गडद, डावीकडे जवळजवळ नाहीतच. जिथे गडद तिथे मशिनने किंचित घासलं, परत कागद, परत चावा. अर्धा तास हेच चाललं होतं. शेवटी दोन्ही बाजूंना सारखे ठिपके आले आणि बाई म्हणाल्या, आता उंच कुठे लागतंय का? कुठेच लागत नव्हतं. दहा दिवसांनी आणि महिन्याने परत बोलावून हेच केलं, वेगळे पैसे नाहीत. पहिल्या क्लिनिकमध्ये हा कागद माझ्या तोंडात गेलाच नव्हता. गार्ड कुठूनही करा, पण निळा कागद न लावता हातात देत असतील तर खुर्चीतून उठू नका.

आणि साचा? मी मागायच्या आधी त्यांनीच विचारलं, घरी ठेवणार का? वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून दादरहून ट्रेनने आणला.

गार्ड दात खाणं थांबवत नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या गार्डवर आता दोन्हीकडे खरखरीत पट्टे पडलेत, नखाला लागतात. ते ओरखडे माझ्या दातांवर पडले असते. दुखणं मात्र गार्डएवढंच दिवसा लक्ष ठेवल्याने कमी झालं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला टेकलेली, अशी जबड्याची आरामाची स्थिती बाईंनी शिकवली. मी मॉनिटरच्या कोपऱ्यात एक लाल टिकली लावली आहे. ती दिसली की बघायचं, दात आवळलेत का. पहिल्या आठवड्यात जवळपास दर वेळी आवळलेलेच सापडले. रात्री कानाच्या पुढे दहा मिनिटं कोमट पाण्याचा शेक. सांधा अजून कधीतरी वाजतो, पण दुखत नाही.

सफाईबद्दल थोडक्यात. मऊ ब्रश, साधा लिक्विड साबण, गार पाणी. टूथपेस्ट नको, तिने ओरखडे पडतात. गिझरचं कढत पाणी अजिबात नको, गार्डचा आकार बिघडतो. पांढरा थर धरला तर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून खळखळून धुवा. डबी भोकांची घ्या. पावसाळ्यात बंद डबीत गार्डला कुबट वास लागला होता.

आता गेल्या आठवड्याचं. वरच्या एका दाढेचं रूट कॅनल होऊन कॅप बसली आणि त्या रात्री गार्ड बसेचना. मी साचा घेऊन गेले, मोठ्या विश्वासाने, की याच्यावरून नवीन होईल. बाईंनी साच्यातली ती दाढ दाखवली. ती माझी जुनी दाढ होती, कॅपचा आकार वेगळा. हा साचा आता गार्डसाठी निरुपयोगी. म्हणजे पहिल्या क्लिनिकशी भांडून साचा मिळवला असता तरी तो पुढच्या फिलिंगपर्यंत किंवा कॅपपर्यंतच कामाचा. न विचारता टाकला हे चूकच होतं असं मी अजूनही म्हणते, पण त्याला आयुष्यभराची ठेव समजत होते ते बरोबर नव्हतं. आणि कॅप बसायच्या दिवशी गार्ड सोबत न्यायला हवा होता, हेही तेव्हाच कळलं.

नवीन गार्ड लागला नाही. त्या दाढेपुरतं आतून घासून, थोडं अॅक्रिलिक भरून, निळा कागद लावून जुनाच बसवून दिला. 700 रुपये. वरच्या जबड्याचं नवीन माप मीच घ्यायला लावलं. तो साचा परवा घरी आणला, त्याच्या तळाला पेन्सिलीने तारीख लिहिली आणि ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर ठेवला आहे.