स्तनाच्या गाठीचे मार्कर: नाशिकमधल्या एका लॅबची आयएचसी सेवा

आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) म्हणजे अँटिबॉडी वापरून गाठीच्या पेशींमधली ठरावीक प्रथिनं, म्हणजेच मार्कर, रंगवून पाहणं. ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू (पेशीच्या आवरणावरचं वाढीचं प्रथिन) आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारं) या चार मार्करच्या पॅनेलसाठी जिल्ह्यातल्या बऱ्याच गाठी ज्या खासगी लॅबकडे येतात, तिच्याबद्दलचा हा अभिप्राय. स्लाइड आणि वाचन उत्तम. नमुना लॅबपर्यंत पोचवण्याची व्यवस्था मात्र काळजी वाटावी अशी.

नुसतं 'ईआर पॉझिटिव्ह' लिहून इथे रिपोर्ट संपत नाही. किती टक्के पेशींची केंद्रकं रंगली, रंग फिका की गडद, ८ पैकी ऑलरेड स्कोअर (रंगलेल्या पेशींचं प्रमाण आणि रंगाचा गडदपणा यांची बेरीज) किती, अँटिबॉडीचा क्लोन (म्हणजे नेमका प्रकार) कोणता, हे सगळं असतं. गाठीशेजारच्या निरोगी दूधनलिका (त्या रंगायलाच हव्यात) रंगल्या का, हेही नोंदवतात, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची ओळ हीच. गाठ कोरी आणि शेजारच्या नलिकाही कोऱ्या, तर तो निकाल निगेटिव्ह धरायचाच नसतो. तपासणी फसलेली असते. अशा वेळी ही लॅब दुसरा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागवते. १ टक्का पेशी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह, पण १ ते १० टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहितात. हार्मोनच्या गोळ्यांचा निर्णय यावर असल्याने हा चोखपणा हवाच.

हर-टू ० ते ३+ असा मोजतात. १० टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद आणि सलग कडं दिसलं तरच ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. २+ (अनिश्चित) आलं की फिश (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) लागतं. ते बाहेर पाठवतात, पैसे वेगळे, रिपोर्ट उशिरा. हे काउंटरवर आधी सांगायला हवं, सांगत नाहीत. ० आणि १+ एकत्र 'निगेटिव्ह' म्हणून टाकतात, तेही बदलावं. पसरलेल्या कर्करोगात १+ असलेल्यांना ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकान या औषधाचा विचार होतो, म्हणून आकडा स्पष्ट लागतो.

आता खरी अडचण. नमुने उचलायला माणूस दिवसातून एकदा येतो, रविवारी येतच नाही. निफाड किंवा सटाण्याच्या नर्सिंग होममध्ये शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन झालं, की अख्खा स्तन एका अरुंद बरणीत कोंबलेला, वर चार बोटं फॉर्मालिन (नमुना टिकवणारं द्रावण), आणि तसाच सोमवारपर्यंत. फॉर्मालिन बाहेरून आत फार हळू मुरतं, चरबीत तर आणखी हळू. मधली गाठ तोवर आतल्या आत सडू लागते. मग ईआर-पीआर फिके पडतात किंवा दिसतच नाहीत, आणि बाईच्या हातात 'ट्रिपल निगेटिव्ह'चा (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) कागद पडतो. स्लाइड कितीही सुरेख रंगवली तरी ही चूक भरून निघत नाही.

नियम तसे सोपे आहेत. गाठ बाहेर काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जायला हवी. सलाइनमध्ये ठेवू नये. फॉर्मालिन नमुन्याच्या किमान दहापट. मोठा नमुना ५ ते १० मिलिमीटरच्या कापांनी उघडायचा. गाठ पूर्ण निघाली का हे ज्यांवरून कळतं त्या कडा बिघडतील म्हणून सर्जन कापायला कचरतात, ते रास्तच. पण दिशा दाखवणारे टाके घालून मागच्या बाजूने गाठीतून एक स्वच्छ छेद दिला तरी खूप फरक पडतो. फॉर्मालिनमध्ये एकूण ६ ते ७२ तास. लॅबच्या फॉर्मवर या वेळांचे रकाने आहेत, पण ते रिकामे असले तरी नमुना स्वीकारतात. हे चालता कामा नये.

म्हणून आमचा आग्रह: मार्कर शक्यतो ऑपरेशनआधीच्या कोअर बायोप्सीवरच (जाड सुईने काढलेल्या तुकड्यांवर) करून घ्या. सुतळीएवढे तुकडे असल्याने ते सगळीकडून सारखे मुरतात. हाडातून घेतलेला तुकडा असेल तर लॅबला आधी कळवा. हाड मऊ करायला कडक आम्ल वापरलं की मार्कर बिघडतात, ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला सांगा.

ब्लॉक लेखी अर्जावर परत देतात, कुरकुर न करता. परळच्या टाटा मेमोरियलला दुसऱ्या मतासाठी जाताना स्लाइडबरोबर तो ब्लॉकही न्या. कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड सहा आठवड्यांपेक्षा जुन्या असतील तर त्यांवर मार्कर करून घेऊ नका, ब्लॉकमधून नव्या कापून मागा.