‘सांगायला हवं होतंस’ इंग्रजीत कसं म्हणायचं: मर्फीचं निळं पुस्तक कितपत कामाचं?

झालेल्या गोष्टीवरून कुणाला बोल कसा लावायचा, यासाठी रेमंड मर्फी यांच्या ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’मध्ये वेगळा धडा नाही. केंब्रिजच्या या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१९) १४५ धडे आहेत. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव. धडे लावलेत ते व्याकरणाच्या रूपांनुसार. म्हणून ‘शुड हॅव’ सापडतं ३३व्या धड्यात, ‘नीडन्ट हॅव’ ३२व्यात आणि ‘कुड हॅव’ २७व्यात. वाचायचे याच क्रमाने, म्हणजे उलटे.

३३वा धडा सगळ्यात चांगला. वाक्याची बांधणी तिथे नीट बसते: ‘शुड’, मग ‘हॅव’, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मराठी माणूस अडखळतो तो ‘हॅव’पाशी. ‘हवं होतं’मधलं ‘होतं’ डोक्यात असतं, म्हणून हात ‘यू शुड हॅड टोल्ड मी’ लिहून मोकळा होतो. कर्ता ‘शी’ असला की ‘शी शुड हॅज’ होतं. दोन्ही चूक. मोडलनंतर, म्हणजे ‘शुड’, ‘मस्ट’, ‘कुड’ अशा साहाय्यक क्रियापदांनंतर, ‘हॅव’ बदलत नाही, कर्ता कुणीही असो. बोलताना मात्र ते इतकं आखडतं की ‘शुडव्ह’ एवढंच ऐकू येतं. त्यामुळेच खुद्द इंग्रज पोरंसुद्धा ‘शुड ऑफ’ लिहितात.

दुसरी ठेच ‘मस्ट’ची. ‘फोन करायलाच हवा होतास’ यातल्या ‘च’साठी आपण ‘यू मस्ट हॅव कॉल्ड मी’ म्हणतो. समोरच्याला ऐकू येतं, ‘तू मला फोन केला असशील’. ती टीका नाही, अंदाज आहे. ‘मस्ट हॅव’ २८व्या धड्यात आहे. ३३वा संपला की लगेच तो उघडून दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहावीत.

‘नीडन्ट हॅव’ म्हणजे आपलं ‘कशाला आणलीत एवढी मिठाई!’ आणून झाली आहे, गरज नव्हती. ‘यू डिडन्ट नीड टु बाय स्वीट्स’ यावरून आणली की नाही ते कळत नाही. पुस्तक हा फरक स्पष्ट करतं. अमेरिकेत मात्र ‘नीडन्ट हॅव’ क्वचितच कानावर पडतं. तिथे ‘डिडन्ट हॅव टु’वर काम भागतं.

पुस्तक कमी पडतं ते ‘कुड हॅव’पाशी. धड्याचा भर शक्यतेवर आहे. पण ‘यू कुड हॅव टोल्ड मी!’ हे वाक्य ‘टोल्ड’वर जोर देऊन म्हटलं की शक्यता बाजूला राहते आणि उरतं ते ‘अरे, सांगायचंस तरी!’ ब्रिटिश लोक ‘माइट हॅव’ही असंच वापरतात, ‘मे हॅव’ने मात्र हा टोमणा मारता येत नाही. जोर कुठे द्यायचा हे कागदावर दिसत नाही आणि गाळलेल्या जागा भरून सूर येत नाही.

ऑफिसच्या मेलसाठीही थोडी भर स्वतःच घालावी लागते. मराठीत ‘तुम्ही’ म्हटलं की निम्मी धार जाते. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे ‘यू शुड हॅव सेंट द फाइल’ थेट अंगावर येतं. तिथे ‘यू’ काढून ‘द फाइल शुड हॅव बीन सेंट ऑन फ्रायडे’ लिहिलं की चूक कळते आणि माणूस दुखावत नाही. सरावातली प्रत्येक ‘यू’वाली टीका अशी एकदा फिरवून लिहिली, तर उजवं पान दुप्पट कामाचं होतं.

घ्यायची ती उत्तरं असलेलीच प्रत, नाहीतर एकट्याने शिकणाऱ्याला चुका कळणार कशा? आणि ‘गो’चं तिसरं रूप ‘वेंट’ की ‘गॉन’ इथेच गोंधळ होत असेल, तर आधी मागच्या परिशिष्टातला अनियमित क्रियापदांचा तक्ता पाठ करावा, मगच ३३वा धडा उघडावा.