रेंडर चालू असताना काम: एकच ग्राफिक्स कार्ड की दोन?

लातूरला घरांचे थ्रीडी व्ह्यू करताना मी दोन्ही वापरून पाहिलंय. एकाच कार्डावर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं सायकल्स रेंडर (म्हणजे मॉडेलवरून अंतिम चित्र तयार करणं) लावलं की माऊस अडखळतो, फोटोशॉपमध्ये साधी रेघ ओढायलाही ताटकळावं लागतं. खर्च मात्र कमी.

दुसरी सोय म्हणजे मॉनिटरची वायर छोट्या कार्डाला, रेंडर मोठ्यावर. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली फक्त मोठ्या कार्डावर टिक ठेवायची. हात थांबत नाही. पण मोठ्या कार्डाची १२ आणि छोट्याची ४ जीबी मेमरी मिळून १६ होत नाही. अख्खा सीन मोठ्याच्याच १२ जीबीत मावायला हवा. आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दोन्ही कार्डांमध्ये हवेला जागा सोडाच.

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर मॉनिटर मदरबोर्डला जोडा, दुसरं कार्ड घेऊच नका.