तयार ‘पूर किट’ : ऑर्डरआधी वजनकाट्यावर ठेवून बघा

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या मंडळांना आणि छोट्या संस्थांना पुरवठादारांचे मेसेज सुरू होतात: ‘एका कुटुंबाचं पूर किट, पंधरा दिवसांची सोय.’ अशाच एका किटचा नमुना आम्ही उघडला. आत तांदूळ 5 किलो, गव्हाचं पीठ 5 किलो, तूरडाळ 1 किलो, तेल 1 लिटर, साखर 1 किलो, चहा-मीठ-तिखट, साबण, मेणबत्त्या, पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची पुडी आणि 12 बाय 10 फुटांची ताडपत्री.

पंधरा दिवस कुठून आले कोण जाणे. मदतकार्यात माणशी रोज 2100 कॅलरी धरतात. पाच जणांच्या घराला रोज 10,500 लागतात आणि खोक्यातलं सगळं मिळून जेमतेम 50 हजार भरतं. पावणेपाच दिवसांत डबे रिकामे.

पिठाचा त्रास वेगळाच. घरात पाणी शिरलंय, चूल नाही, तवा-पोळपाट चिखलात. पहिले दोन दिवस पीठ नुसतं पडून राहतं. त्या वेळी पोहे, फुटाणे, गूळ, बिस्किटं उपयोगी पडतात, आणि नेमकं तेच किटमध्ये नाही. शिवाय जूनमध्ये भरून ठेवलेल्या पिठाला ऑगस्टपर्यंत जाळी धरते. किट पेठ-सुरगाण्याकडे जाणार असेल तर पीठ काढून तांदूळच वाढवा, तिकडे जेवण भाताचं आणि नागलीच्या भाकरीचं.

ताडपत्रीत मात्र सरळ फसवणूक. लेबलवर 200 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजन, असं छापलेलं. 12 बाय 10 फूट म्हणजे 11 चौरस मीटरला थोडं वर, त्यामुळे ती सव्वादोन किलो भरायला हवी. काट्यावर भरली सव्वा किलो. किनारीच्या दुमडीत दोरीही नाही. जोराच्या वाऱ्यात आधी रिंगा निखळतात, मग कापड फाटत जातं. आकारही अपुरा: माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा धरला तर पाच जणांना साडेसतरा लागतो. 4 बाय 6 मीटरची मागवा आणि गठ्ठ्यातून कुठलीही एक उचलून मोजा. 200 जीएसएम खरं असेल तर ती 4.8 किलोच्या आसपास भरेल.

टीसीएलच्या पुडीवर प्रमाण लिहिलेलं नाही, आणि दमट हवेत त्या पावडरीचा जोर उतरतो. घरगुती वापराला क्लोरिनची गोळी बरी: 67 मिलिग्रॅमची एक गोळी 20 लिटरला, मग अर्धा तास झाकण. गढूळ पाण्यात क्लोरिन गाळातच खर्ची पडतं, म्हणून आधी तुरटी फिरवून वरचं निवळ पाणी ओतून घ्यायचं. पाण्यात क्लोरिन उरलंय का ते दाखवणाऱ्या ओटी टेस्टला फिकट पिवळा रंग आला पाहिजे. पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी झाकण-तोटीची 20 लिटरची बादली घेतली तर पाणी भरायचीही सोय होते. भिजलेलं खोकं उचलताना तळातून सुटतं, आणि पंधरा किलोचा तो ऐवज म्हातारी बाई एका हाताने नेणार कसा? सॅनिटरी पॅड आणि सुती कापड नाहीच. यादी पुरुषांनी केली असावी.

सरसकट किट घेऊ नका. न बिघडणारा माल, म्हणजे ताडपत्री, बादली, दोरी, कापड, एवढाच आधी घ्या आणि वरच्या मजल्यावर, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. शिध्याचा फक्त दर दोन किराणा व्यापाऱ्यांशी लेखी ठरवून ठेवा: एक जुन्या गावातला, रविवार कारंजाकडचा, दुसरा सिडको किंवा नाशिकरोडचा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढून गोदापात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा बुडू लागला की जुन्या गावातून टेम्पो काढणं अवघड, आणि सराफ बाजार-भांडी बाजाराकडे पाणी आलं तर व्यापारी आधी स्वतःचंच दुकान रिकामं करणार.

वाचलेले पैसे कागदपत्रांवर लावा. गल्लीनिहाय घरांची यादी पावसाआधीच हवी. त्यात रेशनकार्ड, माणसं, तान्ही मुलं, अंथरुणाला खिळलेले, आणि भाडेकरू वेगळे, कारण नेमके तेच सुटतात. क्रमांकाची कुपनं दोन भागांत: अर्धं वाटपाच्या आदल्या दिवशी घरी, अर्धं साठा नोंदवहीला चिकटवलेलं, त्यावर सही किंवा अंगठा. बिल संस्थेच्या नावाने घ्या, अध्यक्षांच्या नाही. लेखापरीक्षणात हे पहिलं अडतं.

परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करायला परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने बंदी आली. त्यामुळे मोठ्या संस्था बऱ्याचदा पैशाऐवजी तयार किटच पुढे करतात. तसं आलं तर नाही म्हणू नका, पण पीठ बदलून पोहे आणि पाच किलोची ताडपत्री मागा. साठा नोंदवही आणि यादी समोर ठेवली की अशी मागणी रेटता येते.