शब्दाची कुळी काढून देणारा कोश

अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ऑक्सफर्डचा हा व्युत्पत्तिकोश असावा, असं माझं ठाम मत आहे. सी. टी. अनियन्स यांनी संपादलेला, १९६६ साली निघालेला, हजाराच्या वर पानांचा. मला तो साताऱ्यात राजवाड्याजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाला. कव्हर गेलेलं, शिवण मात्र शाबूत.

हा कोश काय देतो ते एका शब्दावरून सांगतो. 'रेच' (wretch) आणि त्यावरून झालेला 'रेचेड' (wretched). मुलं वहीत 'दुःखी, दीनवाणा' असं लिहून मोकळी होतात. कोशात मात्र या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ सापडतो तो 'हद्दपार माणूस'. जुन्या इंग्रजीतला 'व्रेक्का' हा 'हुसकून लावणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. त्या काळी ज्याला टोळीनं आणि धन्यानं टाकलं, त्याला ना आसरा, ना त्याची बाजू घेणारं कोणी. म्हणून परागंदा झाला तो अभागी ठरला, आणि पुढे त्याच शब्दाला 'नीच' हाही अर्थ चिकटला. दैन्य आलं ते हाकलल्यामुळे, हे शब्दातच लिहिलेलं आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. त्याच नोंदीत पुढे जर्मन 'रेके' येतो. मूळ तेच, पण अर्थ वीर, योद्धा! घर सोडून देशोदेशी फिरणारा तिकडे शूर ठरला, इकडे बिचारा.

साताऱ्याच्या माणसाला इथे आपले छत्रपती प्रतापसिंह महाराज आठवणारच. १८३९ साली कंपनी सरकारनं त्यांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं, १८४७ मध्ये ते तिकडेच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन लंडनमध्ये वर्षानुवर्षं झगडत राहिले. वर्गात मी हा इतिहास सांगतो आणि फळ्यावर 'देशोधडीला लावणे' लिहितो. मग 'व्रेक्का' वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

'ॲब्जेक्ट' (abject), म्हणजे अगदी दीन, हीन, याचंही तसंच. लॅटिनमध्ये अर्थ 'फेकून दिलेला'. रिजेक्ट, प्रोजेक्ट, इंजेक्शन हे सगळे त्याच 'फेकणे'वाले. 'मिझरी' आणि कंजूष 'मायझर' यांचंही मूळ एकच, लॅटिन 'मिसेर', म्हणजे दुःखी.

मांडणी शिस्तीची आहे. वापरातून गेलेल्या अर्थाआधी कट्यारीची खूण (†) असते, आणि कोणता अर्थ कधी आला ते शतकाच्या रोमन आकड्यावरून कळतं. एवढी दोन चिन्हं ओळखता आली की शब्दाचा अख्खा प्रवास चार ओळींत समोर येतो.

उणिवाही आहेत. टाइप बारीक, चष्म्याशिवाय निभाव नाही. संक्षेप इतके की सुरुवातीला दर ओळीला अडखळायला होतं. आणि तो शब्द कोणत्या ग्रंथात कसा वापरला गेला त्याचे उतारे इथे नाहीत. ते हवे असतील तर ऑक्सफर्डचा अनेक खंडांचा मोठा इंग्रजी कोशच उघडावा लागेल. शाळकरी मुलांना हा घेऊन देऊ नका, त्यांना साधा इंग्रजी-मराठी शब्दकोश पुरे. शिक्षक, भाषांतरकार, एम.ए.चे विद्यार्थी यांनी मात्र दिसला की उचलावा. जुनी प्रत घेताना सुरुवातीची संक्षेपांची पानं जागेवर आहेत ना, एवढं आधी उलटून बघा.