वेक्सलर प्रौढ बुद्धिमापन (चौथी आवृत्ती): आरोपीच्या तपासणीसाठी कितपत उपयोगी?

साधन भक्कम आहे, पण नुसता एकूण बुद्ध्यांक वाचून अहवाल लिहू नका. मुख्य उपचाचण्या १०, वेळ साधारण ६० ते ९० मिनिटं. गुन्हेगारांत शाब्दिक गुण कृतीच्या (ठोकळे, आकृत्या यांवरच्या कामांच्या) गुणांपेक्षा बरेचदा कमी येतात. त्यामागे अर्धवट सुटलेली शाळाही असू शकते. म्हणून चारही निर्देशांक (शाब्दिक आकलन, दृश्य तर्क, कार्यस्मृती, प्रक्रियेचा वेग) वेगळे मांडा. ७० ही बौद्धिक अक्षमतेची साधारण सीमा, तिच्या आसपास मापनातली ±५ गुणांची त्रुटी लिहायलाच हवी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये, मृत्युदंडाच्या खटल्यात, फ्लोरिडाची ताठर ७०ची रेघ (त्यावर गुण असलेल्याला बौद्धिक अक्षम मानायचंच नाही) याच मुद्द्यावर अमान्य केली. थोड्या महिन्यांत पुन्हा घेतल्यास सरावाने गुण फुगतात. मुद्दाम चुकीची उत्तरं देणारेही असतात, सोबत वेगळी प्रयत्न-चाचणी (माणूस मनापासून उत्तरं देतोय का हे तपासणारी) घ्या. आणि कमी बुद्ध्यांकाची बहुसंख्य माणसं गुन्हा करत नाहीत. या आकड्यावरून पुढे गुन्हा करण्याचा धोका वर्तवणं हा गैरवापरच.